जनगणनेच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना : हरकत नेमकी कशाला आहे?

पुण्याच्या एका वाचकांनी विचारले आहे : "माझा धाकटा भाऊ डॅलसला असतो. अमेरिकेत जनगणनेच्या फॉर्मवर ‘तुम्ही नागरिक आहात का’ एवढा साधा प्रश्न घालण्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी तो घातलाच नाही, असे वाचले. देशात नागरिक किती आणि परके किती, हे जाणून घेण्याचा हक्क सरकारला नसावा का? ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, त्याने घाबरावे कशाला?"

मी बावीस वर्षे अमेरिकेत नमुना-पाहण्यांच्या प्रश्नावल्या आखण्याचे आणि न आलेल्या उत्तरांचा हिशेब लावण्याचे काम करते आहे. २०२० च्या जनगणनेच्या वेळी न्यू जर्सीतल्या मराठी घरांनी फॉर्म भरावेत यासाठी मी स्वयंसेवक म्हणूनही फिरले. त्यामुळे हा प्रश्न मला कागदावरूनही माहीत आहे आणि उंबऱ्यावरूनही.

प्रथम हक्काविषयी. सरकारला हे जाणून घेण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि ते विचारलेही जाते. ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ नावाची पाहणी दर वर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर पाठवली जाते आणि तिच्यात नागरिकत्वाचा प्रश्न असतो. त्यापूर्वी १९७० ते २००० या काळात तो जनगणनेच्या ‘लांब फॉर्म’वर होता, २००० साली हा लांब फॉर्म साधारण सहा घरांपैकी एका घराला मिळत असे. त्याहून मागे गेले, तर १८२० आणि १८३० च्या गणनांत परकीयांची नोंद होती, १८७० मध्ये मतदानाच्या वयाच्या पुरुषांपुरता हा प्रश्न होता आणि १८९० ते १९५० च्या गणनांत तो वेगवेगळ्या स्वरूपांत येत राहिला. १९५० नंतर मात्र प्रत्येक घराला जाणाऱ्या फॉर्मवर तो नाही. वाद प्रश्नाच्या अस्तित्वाचा नव्हता, तर जो फॉर्म देशातल्या प्रत्येक दारावर जातो त्या फॉर्मवर, आयत्या वेळी, तो छापण्याचा होता.

जनगणना कशासाठी आहे, हे लक्षात घेतल्यावाचून पुढचे समजणार नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेने दर दहा वर्षांनी गणना करण्याचा आदेश दिला आणि १७९० पासून ती खंड न पडता चालू आहे. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा राज्यांमध्ये वाटण्यासाठी हीच संख्या वापरतात. गुलामीचा अंत झाल्यावर १८६८ साली आलेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीने ‘राज्यातील सर्व व्यक्ती’ मोजाव्यात असे ठरवले. त्याआधी गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरली जात होती. दुरुस्तीत शब्द ‘व्यक्ती’ असा आहे, ‘नागरिक’ असा नाही, आणि शाळकरी मुले, नुकतेच आलेले स्थलांतरित, तुरुंगातले कैदी हे सारे त्यात येतात. या संख्येला किती बारीक धार असते, ते २०२१ च्या एप्रिलमध्ये दिसले. देशाची लोकसंख्या ३३ कोटी १४ लाख ४९ हजार २८१ भरली आणि न्यूयॉर्क राज्याची एक जागा गेली. आणखी फक्त ८९ माणसे मोजली गेली असती, तर ती टिकली असती.

आपल्याकडे जनगणनेला जुना शब्द ‘खानेसुमारी’ असा आहे. खाना म्हणजे घर, आणि सुमारी म्हणजे मोजदाद. हा शब्द मला ‘शिरगणती’पेक्षा अधिक अचूक वाटतो, कारण मोजणी डोक्यांची असली तरी उत्तर घर देते. एका पत्त्यावर एक फॉर्म जातो, घरातली एक व्यक्ती तो भरते आणि कोणाचे नाव लिहायचे व कोणाचे गाळायचे हे तीच ठरवते. माणसे मोजणीतून सुटतात ती बहुधा या क्षणी सुटतात. दार लावून घेणारे घर सर्वांच्या डोळ्यांत भरते, पण ज्या घराने फॉर्म वेळेवर भरला आणि तळघरात राहणाऱ्या भाच्याचे नाव गाळले, ते घर कोणत्याही यादीत ‘अपूर्ण’ म्हणून दिसत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये एडिसनजवळ एका शाळेच्या सभागृहात संक्रांतीचे हळदीकुंकू होते. तिळगुळाच्या ताटाशेजारी मी एक टेबल मांडले होते आणि त्यावर जनगणनेची मराठी माहितीपत्रके ठेवली होती. (त्या वर्षी जनगणना खात्याने इंग्रजीखेरीज ५९ भाषांत मार्गदर्शिका काढल्या आणि त्यांत मराठी होती, याचा मला आजही मनापासून आनंद आहे.) नाशिककडची एक तरुण मुलगी, कडेवर वर्षाची लेक, बराच वेळ टेबलाभोवती घुटमळत होती. शेवटी जवळ येऊन तिने हळूच विचारले, "काकू, यात सिटिझन आहात का विचारतात ना? आमचे एच-वन-बीचे एक्स्टेन्शन अडकलेय." मी तिला सांगितले की तो प्रश्न फॉर्मवर नाही. तिने पत्रक उलटून पाहिले, पुन्हा सुलटे केले आणि म्हणाली, "पण टीव्हीवर तर सांगत होते." थोड्या वेळाने खरा प्रश्न बाहेर आला. त्यांच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये नवऱ्याचा सहकारी आणि त्याची बायको अशी आणखी दोन माणसे राहत होती. त्यांची नावे भाडेकरारावर नव्हती. ती म्हणाली, "आम्ही तिघेच लिहिले तर चालेल ना?"

ही मुलगी कायदेशीर व्हिसावर होती, कर भरत होती, तिच्याजवळ लपवण्यासारखे काही नव्हते. तिची लेक तर जन्माने अमेरिकन नागरिक. तरीही पाच माणसांच्या घरातून तीनच माणसे कागदावर जाणार होती, आणि तीसुद्धा फॉर्मवर नसलेल्या प्रश्नाच्या धास्तीने. ‘लपवण्यासारखे नाही त्याने घाबरावे कशाला’ हे म्हणणे तर्काला बरोबर वाटते, परंतु ज्याचे अर्ज वर्षानुवर्षे सरकारी टेबलांवर पडून असतात तो माणूस सरकारकडे जाणारा प्रत्येक कागद एकाच फाइलमध्ये जाणार असे धरून चालतो. त्याला दोष देता येत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०१८ साली जो प्रश्न घालायचे ठरले, त्याला पाच पर्याय होते : अमेरिकेत जन्मलेला नागरिक, पोर्टो रिको वगैरे प्रदेशांत जन्मलेला नागरिक, परदेशात अमेरिकन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला नागरिक, नागरिकत्व घेतलेला, आणि शेवटचा ‘नागरिक नाही’. वास्तव्य कायदेशीर आहे की बेकायदा, हे त्यात विचारलेलेच नव्हते. ग्रीन कार्डवर वीस वर्षे राहिलेल्या आजी, एच-वन-बीवरचा अभियंता, पीएच.डी.चा विद्यार्थी आणि कागदपत्रांविना राहणारा मजूर यांनी एकाच चौकोनात खूण करायची होती. ‘बेकायदा किती आहेत ते तरी कळेल’ असे ज्यांना वाटत होते, त्यांना या रकान्यातून ते कळणार नव्हते.

आता तो प्रश्न आला कसा, ते थोडक्यात. कायद्याप्रमाणे जनगणनेचे विषय तीन वर्षे आधी आणि नेमके प्रश्न दोन वर्षे आधी संसदेला कळवावे लागतात. मार्च २०१७ मध्ये कळवलेल्या विषयांत नागरिकत्व नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये न्याय खात्याने पत्र लिहून अशी मागणी केली की मतदानातल्या वांशिक भेदभावाला आळा घालणाऱ्या १९६५ च्या मतदान हक्क कायद्याच्या अंमलबजावणीसाठी अगदी गल्लीपातळीवर मतदानयोग्य नागरिकांची संख्या हवी आहे. २६ मार्च २०१८ रोजी, मुदत संपता संपता, वाणिज्य मंत्री विल्बर रॉस यांनी प्रश्न घालण्याचा निर्णय जाहीर केला. रोड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स येथे २०२० ची रंगीत तालीम तेव्हा सुरू झालेली होती, आणि तिच्या फॉर्मवर हा प्रश्न नव्हता. प्रश्नावलीतला एखादा स्वल्पविराम बदलायचा असला तरी आम्ही आधी चाचणी घेतो. इथे अख्खा प्रश्न चाचणीवाचून देशभर जाणार होता. माझ्या व्यवसायाची पहिली हरकत हीच होती, आणि तिचा राजकारणाशी काही संबंध नव्हता.

दुसरी हरकत जनगणना खात्याच्याच मुख्य शास्त्रज्ञांनी नोंदवली होती. जॉन अबाउड यांनी जानेवारी २०१८ मध्ये मंत्र्यांना टिपण पाठवून तीन पर्याय मांडले : काहीही बदल न करणे, प्रश्न घालणे, किंवा सामाजिक सुरक्षा आणि इमिग्रेशनसारख्या खात्यांकडे आधीच असलेल्या नोंदी जुळवून नागरिकत्वाची आकडेवारी तयार करणे. तिसरा पर्याय स्वस्त आणि अधिक अचूक आहे, असा त्यांचा निर्वाळा होता. प्रश्न विचारून मिळणारे उत्तर नोंदींपेक्षा कच्चे का, याचे कारण त्या टिपणात आहे आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सरकारी नोंदींप्रमाणे जे नागरिक नाहीत, त्यांची पाहणीतली उत्तरे तपासली, तेव्हा त्यांच्यापैकी ३० ते ३७ टक्के लोकांच्या पुढे ‘नागरिक’ अशी खूण आढळली. कोणी भीतीने, कोणी गैरसमजाने, कोणी घरातल्या दुसऱ्याने भरले म्हणून. कारणे वेगवेगळी असतील, पण जवळजवळ दर तिसरे उत्तर नोंदीशी जुळत नव्हते. म्हणजे हा प्रश्न काही माणसे मोजणीबाहेर लोटणार होता आणि जी आत राहतील त्यांच्याविषयीही खात्रीचे काही सांगणार नव्हता. ज्या कामासाठी मागितला, त्या कामालाच तो निरुपयोगी होता.

माणसे किती सुटतील याचा अंदाज तेव्हा असा होता की, नागरिक नसलेली एक तरी व्यक्ती ज्या घरात आहे त्या घरांचा स्वतःहून प्रतिसाद ५.१ टक्क्यांनी घटेल. पुढे हाच अंदाज ५.८ टक्क्यांवर गेला. यावर नेहमी असे विचारले जाते की, फॉर्म आला नाही तर प्रगणक घरी जाईलच, मग बिघडले कुठे? प्रगणक जातो, एका घराला सहा वेळांपर्यंत खेपा घालता येतात, आणि दार उघडलेच नाही तर शेजाऱ्याला विचारले जाते : इथे किती जण राहतात? शेजारी अंदाजाने सांगतो. २०१० च्या गणनेनंतरच्या पडताळणीत, घराने स्वतः भरलेल्या फॉर्मवरची ९७.३ टक्के माणसे बरोबर मोजलेली निघाली, तर शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नोंदवलेल्यांपैकी ७०.१ टक्केच. जिथून पहिले उत्तर येत नाही तिथली नोंद पायरीपायरीने अशी कच्ची होत जाते, आणि त्या पायऱ्या चढूनही ज्यांची नावे राहून जातात ती राहूनच जातात.

भीती काल्पनिक नव्हती, हे सांगणारे एक टिपण खात्यातल्याच संशोधकांनी सप्टेंबर २०१७ मध्ये लिहिले होते, म्हणजे हा प्रश्न जाहीर होण्याच्याही आधी. एका मुलाखतकार बाईंनी फिरत्या घरांच्या वस्तीत एका दारावर माहितीपत्रक ठेवले. आत माणसांची चाहूल लागत होती. दोन मुलाखती उरकून त्या परतल्या, तेव्हा ते कुटुंब सामान हलवून तिथून निघाले होते.

या भीतीला इतिहासही आहे. जनगणनेची माहिती कोणत्याही खात्याला देता येत नाही. शपथ मोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हे संरक्षण खरे आहे आणि मी लोकांना ते विश्वासाने सांगते. मात्र १९४२ साली युद्धकाळातल्या कायद्याने ते उठवले होते. जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलवताना १९४० च्या गणनेचे वस्तीनिहाय तक्ते वापरले गेले, आणि १९४३ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या जपानी रहिवाशांची नावे-पत्तेसुद्धा दिले गेले. संशोधकांनी ते कागद बाहेर काढायला सहा दशके लागली. ‘कायदा आहे ना’ असे म्हणताना ही गोष्ट आपल्या मनात असायला हवी.

कोर्टाने प्रश्नाला बंदी घातली, असा समज मराठी वाचकांत बराच पसरलेला आहे, म्हणून निकाल नीट सांगते. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्णय रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०१९ रोजी दिलेल्या निकालात असे म्हटले की, जनगणनेत नागरिकत्व विचारणे घटनेच्या विरुद्ध नाही. पण सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्यासह पाच न्यायाधीशांना मतदान हक्क कायद्याचे कारण मागाहून रचलेले वाटले, आणि सरकारने आपल्या निर्णयाचे खरे कारण दिले पाहिजे, या मुद्द्यावर प्रकरण परत पाठवले गेले. त्याच सुमारास मतदारसंघांचे नकाशे आखणारे रिपब्लिकन तज्ज्ञ थॉमस हॉफेलर यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या संगणकातली २०१५ ची टिपणे पुढे आली होती; सर्व लोकसंख्येऐवजी मतदानयोग्य नागरिकांवर मतदारसंघ आखले, तर त्याचा लाभ रिपब्लिकन पक्षाला आणि गोऱ्यांना होईल, असे त्यांत नमूद होते. छपाईची वेळ येऊन ठेपली होती. जुलैमध्ये सरकारने माघार घेतली आणि नोंदी जुळवण्याचा आदेश काढला, म्हणजे अबाउड यांनी दीड वर्षापूर्वी सुचवलेला मार्ग धरला.

माझ्या बाजूला न मानवणारा एक पुरावाही आहे आणि तो दडवणे मला शोभणार नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात खात्याने ४ लाख ८० हजार घरांवर चाचणी घेतली. निम्म्यांना प्रश्नासह फॉर्म, निम्म्यांना प्रश्नाविना. एकूण प्रतिसादात संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय फरक आढळला नाही. ज्या वस्त्यांत नागरिक नसलेले किंवा हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतले मूळ असलेले) रहिवासी अधिक होते, तिथे मात्र प्रश्न असलेल्या फॉर्मला कमी प्रतिसाद आला. यावरून मी एवढेच मानते की, नुकसान देशभर पसरलेले नसते तर काही वस्त्यांत साचलेले असते. जागावाटप आणि निधीवाटप वस्त्यांच्याच बेरजेवर चालते, त्यामुळे सरासरी ठीक आहे म्हणून निश्चिंत होता येत नाही. शिवाय टपालाने आलेली चाचणी आणि वर्षभर टीव्हीवर गाजणारी जनगणना यांचे वातावरण सारखे नसते. हळदीकुंकवातली ती मुलगी टीव्हीवरचे ऐकूनच आली होती.

प्रश्न न छापताही काय झाले, ते २०२२ च्या पडताळणीत दिसले. हिस्पॅनिक लोकसंख्या ४.९९ टक्क्यांनी कमी मोजली गेली; २०१० मध्ये हे प्रमाण १.५४ टक्के होते. कोविड, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये घाईने थांबवलेले क्षेत्रकाम, ही कारणे त्यात आहेतच, त्यामुळे सगळा भार नागरिकत्वाच्या वादावर टाकणे बरोबर होणार नाही. कमी मोजल्या गेलेल्या राज्यांत टेक्सास आणि फ्लोरिडा आहेत. आपले बंधू ज्या डॅलसमध्ये राहतात त्या शहराच्या शाळा, रस्ते आणि दवाखान्यांचा निधी याच आकड्यांवरून ठरतो, आणि शेजारच्या घराने दोन नावे गाळली तर तो त्यांच्याही वाट्यातून कमी होतो.

ऑस्ट्रेलिया तर प्रत्येकाला नागरिकत्व विचारतो, मग अमेरिकेतच कांगावा का, असेही विचारले जाते. ऑस्ट्रेलियात तो प्रश्न प्रस्थापित आहे आणि लोकांना सवयीचा आहे. जिथे प्रश्न आणि धरपकड एकाच बातमीत ऐकू येत नाहीत, तिथे त्याची किंमत कमी असते. तीच ओळ एका देशात निरुपद्रवी आणि दुसऱ्या देशात महाग पडू शकते. प्रश्नावलीचे काम करणाऱ्यांना हे रोज दिसते.

भारताविषयी थोडेच लिहिते, कारण आपण विचारले अमेरिकेविषयी. आपल्या १९४८ च्या जनगणना कायद्याचे पंधरावे कलम व्यक्तिगत माहिती गोपनीय ठेवते. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही (एनपीआर), म्हणजे देशातल्या नेहमीच्या रहिवाशांची यादी, मात्र त्या कायद्याखाली येत नाही. ती नागरिकत्व कायद्याखालच्या २००३ च्या नियमांप्रमाणे तयार होते. २०१० मध्ये घरयादीच्या फेरीतच तिची माहितीही गोळा केली गेली. दारात उभा शिक्षक तोच, हातातले कागद दोन, आणि त्या दोन कागदांना लागू असलेले कायदे वेगवेगळे. घरातल्या माणसाला हा फरक कोणी समजावून सांगितला असेल, असे मला वाटत नाही. १ मार्च २०२७ या संदर्भदिनाची गणना जवळ आली आहे. तिच्या प्रगणकांना हा फरक दोन वाक्यांत सांगता यावा, एवढे प्रशिक्षण मिळायला हवे.

अमेरिकेतला वाद संपलेला नाही. बेकायदा राहणाऱ्यांना जागावाटपातून वगळण्याचा जुलै २०२० चा आदेश अमलात येण्याआधीच जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अशा लोकांना न मोजणारी नवी जनगणना करण्याची सूचना वाणिज्य खात्याला दिल्याचे जाहीर केले. ‘सर्व व्यक्ती’ हे घटनेतले शब्द मात्र घटनादुरुस्तीवाचून बदलत नाहीत.

आपल्या बंधूंना २०३० साठी एवढे कळवावे. १ एप्रिलला जे त्या घरात नेहमी राहतात ते सर्व लिहायचे, भाडेकरारावर नाव असो वा नसो, व्हिसा कोणताही असो, तान्हे बाळसुद्धा. भारतातून चार महिन्यांसाठी पाहुणे म्हणून आलेले आईवडील लिहायचे नाहीत. त्या नाशिकच्या मुलीने एप्रिलमध्ये फोन करून विचारले होते, "काकू, पाचही नावे टाकली, पण सासूबाई आल्यात, त्यांचे काय?" त्या पाहुण्या होत्या, त्यांचे नाव टाकायचे नव्हते.